चार महिन्यांची नदी

हे दृश्य तुम्ही शंभर वेळा पाहिलं असेल. रविवारची दुपार, जेवण जरा जास्तच झालेलं, हातात रिमोट आणि समोर डिस्कव्हरी. टांझानियातलं कुठलंतरी अभयारण्य. नदी म्हणून जे दाखवतात त्यात पाण्याचा थेंब नाही, नुसती रुंद पांढरी वाळू. मग एक हत्तीण येते, पायाने आणि सोंडेने वाळू उकरते, हात-दोन हात खड्डा झाला की थांबते. थोड्या वेळाने त्यात पाणी पाझरतं. ती पिते, पिल्लू पितं, ती गेल्यावर माकडं, हरणं, पक्षी. निवेदक खर्जातल्या आवाजात सांगतो की नदी संपलेली नाही, फक्त वाळूखाली गेली आहे. आपण सोफ्यावरून "काय भारी यार!" म्हणतो आणि जाहिराती लागल्या की चॅनल बदलतो.

आता हाच खड्डा आपल्याकडेही असतो आणि त्याला मराठीत चांगला दोन अक्षरी शब्द आहे: झिरा. उन्हाळ्यात नदीच्या वाळूत झिरा करायचा, वाटीने पाणी काढून घागर भरायची, हे वऱ्हाडात आणि मराठवाड्यात पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं काम. फक्त आपल्या झिऱ्यावर कोणी माहितीपट काढत नाही. फार तर पेपरात फोटो येतो आणि खाली लिहितात "भीषण पाणीटंचाई". आफ्रिकेत चमत्कार, बुलढाण्यात टंचाई. असो.

मला सांगायचं आहे ते बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगेबद्दल. मागच्या मे महिन्यात एका कॉलेजमित्राच्या घरच्या लग्नासाठी खामगावला गेलो होतो. लग्न आटोपल्यावर एक दिवस हातात होता, तेव्हा ज्ञानगंगा अभयारण्य गाठलं. बुलढाणा आणि खामगाव यांच्या मधल्या डोंगरात, सुमारे २०५ चौरस किलोमीटरचं हे जंगल. १९९७ साली अभयारण्य झालं. ताडोब्याला जाणाऱ्यांच्या गर्दीतल्या दहा जणांना विचारा, नऊ जणांना नावही माहीत नसतं. मे महिन्यात तिथे "हिरवंगार" वगैरे काही नाही. सागाची पानं गळून गेलेली, सालईची झाडं सोललेल्या अंगाने उभी, खाली काळे दगड तापलेले. नदीला मिळणाऱ्या एका नाल्याच्या पात्रात गाडी थांबवली तेव्हा तिथे नदी असल्याचा पुरावा म्हणजे फक्त गोल झालेले गोटे आणि एका वळणावर रानडुकरांनी उकरलेली ओलसर जागा.

संध्याकाळी मित्राच्या आजोबांना म्हटलं, "आबा, नदीत तर काहीच पाणी नाही." आबा पान लावत होते. म्हणाले, "पानी हाय ना बाबू. हातभर उकरा लागते."

ही नदी अशी का, याचं उत्तर दगडात आहे. हा सगळा दख्खनचा काळा पाषाण. त्यात पाणी साठायला जागा फार कमी. वरचा मुरूम आणि खडकातल्या भेगा, बस्स. आमच्या भाषेत सांगायचं तर बफर छोटा आहे. जून ते सप्टेंबर पाऊस पडतो, बफर भरतो, ओसंडून वाहतो. पाऊस थांबला की साठलेलं पाणी काही महिने झिरपत राहतं आणि मग नदी टप्प्याटप्प्याने तुटत जाते. आधी सलग धार, मग डोह, मग ओली वाळू, मग झिरा. हिमालयातल्या नद्यांना बर्फाची बँक आहे. आपल्या नद्यांना फक्त मुरूम. तेव्हा ज्ञानगंगा उन्हाळ्यात कोरडी पडते यात बिघाड असा काही नाही, तिची घडणच तशी आहे. प्रश्न आहे तो किती महिने कोरडी, याचा. तो पुढे येईलच.

त्याआधी नकाशा. बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या माथ्यावर बसलेलं आहे. इथल्या लोकांच्या तोंडी जिल्ह्याचे दोनच भाग असतात, घाटावर आणि घाटाखाली. मोगलाईतले शब्द बालाघाट आणि पायनघाट. घाटाच्या उत्तरेला पडलेला पाऊस ज्ञानगंगा, विश्वगंगा, नळगंगा अशा छोट्या नद्यांतून पूर्णेला जातो, पूर्णा तापीला, आणि तापी सुरतेजवळ अरबी समुद्राला. पण शहराच्या जवळच, त्याच डोंगरात, पैनगंगाही उगम पावते आणि ती निघते उलट्या दिशेला. पैनगंगा वर्धेला, वर्धा प्राणहितेला, प्राणहिता गोदावरीला, आणि शेवटी बंगालचा उपसागर. म्हणजे वाऱ्याने एखादा ढग चार-पाच किलोमीटर इकडेतिकडे सरकला तर त्याच्या पाण्याचा समुद्र बदलतो. (त्यात भर म्हणजे पूर्णा नावाच्या नद्याही दोन आहेत, एक तापीला मिळणारी आणि एक गोदावरीला. नावं देणाऱ्यांनी आमच्यासारखा व्हेरिएबलच्या नावांचा आळस केलेला दिसतो.)

असा माथा आणि त्याच्या पायथ्याशी सपाट पूर्णाथडी असली की तिथे रस्ते येतात, आणि रस्ते आले की फौजा. मोताळा तालुक्यातलं रोहिणखेड हे गाव बरोबर घाटाच्या पायथ्याशी आहे. आज तिथे १५८२ साली बांधलेली एक छोटी देखणी मशीद आहे आणि बाकी चारचौघांसारखं गाव. पण याच जागी दीडशे वर्षांच्या अंतराने दोन मोठ्या लढाया झाल्या. पहिली १४३७ ची. बहमनी सरदार खलफ हसन याने खानदेशच्या नासिरखान फारुकीचा पराभव केला. दुसरी १५९०-९१ च्या सुमाराची, अहमदनगरच्या गादीसाठी. एका बाजूला बुऱ्हाण निजामशहा आणि त्याच्या मदतीला खानदेशचा राजा अलीखान, दुसऱ्या बाजूला अहमदनगरचा सत्ताधारी सरदार जमालखान. उन्हाळ्याचे दिवस. जमालखान घाटाशी येऊन पोचला तो तापलेल्या, तहानलेल्या सैन्यासह, आणि पाण्याच्या जागा शत्रूच्या ताब्यात. थांबून राहणं शक्यच नव्हतं, त्यामुळे त्याच अवस्थेत लढावं लागलं. जमालखान मारला गेला आणि बुऱ्हाण अहमदनगरच्या तख्तावर बसला. शाळेत आपल्याला लढाईचा निकाल शौर्याने किंवा फितुरीने लागतो असं शिकवतात. "डोह कोणाच्या हातात होता" हा कॉलम कुठल्याच तक्त्यात नसतो.

याच्या उलटी गोष्ट म्हणजे पावसाळ्यातली नदी. दसऱ्याला सीमोल्लंघन का? कारण तोवर नद्या उतरतात. तोफा, बैल, बाजार-बुणगे घेऊन चिखलातून आणि पुरातून जाता येत नाही. याच जिल्ह्यातल्या साखरखेर्ड्याची लढाई ११ ऑक्टोबर १७२४ ची. निजामुल्मुल्काने तिथे मुबारिझखानाला मारलं आणि दख्खनमध्ये हैदराबादचं स्वतंत्र राज्य उभं राहिलं. तारीख पाहा, पाऊस नुकताच सरलेला. आणि २३ सप्टेंबर १८०३ ची असईची लढाई, बुलढाण्याच्या शेजारच्या जालना जिल्ह्यातली. शिंदे आणि नागपूरकर भोसले यांची फौज केळणा नदीपलीकडे तळ देऊन होती आणि नदीला पाणी होतं. वाटाड्यांनी वेलस्लीला सांगितलं की इथे उतार नाही. त्याने दुर्बिणीतून पाहिलं तर नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं. त्याने तर्क केला की इतकी जवळ असलेली दोन गावं एकमेकांकडे जायला वाट ठेवणारच. शोधलं तर उतार सापडला, आणि पुढचा इतिहास आपल्याला ठाऊक आहे. मला स्वतःला त्याच्या सेनापतित्वापेक्षा हा तर्क जास्त आवडतो. हंगामी नदीच्या काठचं गाव आठ महिने पलीकडच्या गावाशी पायी जोडलेलं असतं, ही साधी गोष्ट त्याला दिसली.

म्हणजे कोरडी नदी ही रस्ता असते. हे ज्या एका प्रवाशाने अलीकडे सगळ्यात ठळकपणे दाखवून दिलं तो माणूस नव्हता.

यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याजवळ, टिपेश्वर नावाचं अभयारण्य आहे, ज्ञानगंगेपेक्षाही लहान. तिथे २०१६ च्या सुमारास जन्मलेल्या एका नर वाघाला फेब्रुवारी २०१९ मध्ये भारतीय वन्यजीव संस्थेच्या शास्त्रज्ञांनी रेडिओ कॉलर बसवली. कागदोपत्री नाव टी१-सी१. जून २०१९ मध्ये, पावसाच्या तोंडावर, तो टिपेश्वरहून निघाला. तेलंगणातल्या आदिलाबादकडे गेला, परत आला, पैनगंगा अभयारण्य, हिंगोली, वाशिम, अकोला असं करत डिसेंबरात ज्ञानगंगेत पोचला. तोवर १३०० किलोमीटर झाले होते. पुढच्या काही महिन्यांची भटकंती धरून कॉलर निघेपर्यंत ३००० किलोमीटरच्या वर. तोपर्यंत पेपरवाल्यांनी त्याचं नाव "वॉकर" ठेवलं होतं. कॉलरने पाच हजारांहून जास्त ठिकाणांची नोंद केली. तो बहुतेक रात्री चालायचा, नदीनाल्यांच्या कडेने, शेतांतून, रस्ते ओलांडत, आणि दिवसा झुडपांत नाहीतर उभ्या पिकात पडून राहायचा. एवढ्या प्रवासात माणसाशी एकदाच झटापट झाली, तीही तो ज्या झुडपात झोपला होता तिथे लोक घुसले म्हणून.

आता मघाचा नकाशा आठवा. टिपेश्वर पैनगंगेच्या खालच्या खोऱ्यात आहे आणि ज्ञानगंगा अभयारण्य पैनगंगेच्या उगमाच्या अंगाला. वळणं आणि उलटसुलट फेऱ्या सोडून दिल्या तर हा वाघ एका नदीच्या खोऱ्यात खालून वर चढत गेला आणि माथा ओलांडून दुसऱ्या समुद्राच्या खोऱ्यात उतरला. तो काही नदी धरून सरळ रेषेत गेला असं मी म्हणत नाही. पण कापसाच्या आणि सोयाबीनच्या एवढ्या मोठ्या पट्ट्यात आडोसा शिल्लक आहे तो नाल्याकाठच्या झाडोऱ्यातच. नाला बुजवून त्यावर पीक घेतलं की शेतकऱ्याला गुंठाभर जमीन मिळते आणि नकाशावरचा एक रस्ता पुसला जातो. तो रस्ता सातबाऱ्यावर कुठेच नसतो.

एप्रिल २०२० मध्ये, आपण सगळे घरात कोंडलेले असताना, त्याची कॉलर काढून घेण्यात आली. त्यावेळी अख्ख्या ज्ञानगंगेत तो एकटाच वाघ होता. त्याच्यासाठी वाघीण आणून सोडावी का, यावर बरीच चर्चा झाली. एवढ्याशा जंगलात वाघांचं कुटुंब मावेल का, त्यांनी खायचं काय, आणि उन्हाळ्यात प्यायचं काय?

इथे मघाचा राहिलेला प्रश्न येतो. किती महिने कोरडी?

१९११ च्या एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकात बुलढाण्यावर एक छोटी नोंद आहे. तिच्यात घाटावरच्या भागाचं वर्णन असं आहे की पठारांमधल्या लहान सुपीक खोऱ्यांना वर्षातला बराचसा काळ ओढ्यांचं पाणी मिळतं, चांगल्या शुद्ध पाण्याच्या विहिरी भरपूर आहेत, आणि म्हणून गावं याच खोऱ्यांत वसलेली आहेत. वर्षातला बराचसा काळ! आणि त्याच नोंदीत थोडं खाली लिहिलंय की १९०१ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ४,२३,६१६ भरली, दहा वर्षांत १२ टक्क्यांनी कमी, दुष्काळामुळे. (खामगाव तालुका तेव्हा बुलढाण्यात नव्हता, तो १९०५ मध्ये आला.) भरपूर पाण्याचं वर्णन आणि बारा टक्के माणसं कमी, दोन्ही एकाच नोंदीत. याचा अर्थ लावताना सावध राहायला हवं. पाण्याचं वर्णन त्याआधीच्या सरकारी गॅझेटियरमधून उचललेलं आहे, दुष्काळापूर्वीचं. शिवाय लिहिणारा साहेब बहुधा थंडीत दौऱ्यावर आलेला असणार, मे महिन्यात नाही. तरीपण "बराचसा काळ" हे शब्द काही अगदीच हवेतून आलेले नाहीत.

त्या दोन वर्णनांच्या मधल्या काळात काय झालं? कापूस झाला. १८६१ ला अमेरिकेत यादवी सुरू झाली, मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि वऱ्हाडचं नशीब उघडलं, निदान व्यापाऱ्यांचं तरी. १८५३ पासून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात होतंच. रेल्वे आली. खामगावची कापसाची बाजारपेठ एवढी मोठी की जलंबहून तिथवर खास फाटा टाकला, आणि १८७० मध्ये त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला. नदीकाठची कुरणं, पडीक, जे जे काळ्या मातीचं होतं ते नांगराखाली गेलं. मग १८९६-९७ आणि १८९९-१९०० हे दोन दुष्काळ. दुसऱ्याला आपले लोक छपन्याचा दुष्काळ म्हणतात, विक्रम संवत १९५६ म्हणून. पाऊस गेला हे खरंच, पण घरात ज्वारीऐवजी कापसाचे पैसे होते आणि बाजारात ज्वारी त्या पैशांच्या आवाक्याबाहेर होती. पुढे १९७२ चा दुष्काळ आला आणि त्यानंतर महाराष्ट्रभर बोअरवेल खणल्या गेल्या, विहिरींवर विजेचे पंप आले. नदी जो मुरमातला साठा महिनोन्‌महिने झिरपवत होती तो आता दिवाळीनंतर दोन-तीन महिन्यांत उपसता येऊ लागला. बफर तेवढाच, वाचणारे शंभरपट. नदी आधी आटते यात नवल काय?

घाटाखाली आणखी एक अडचण आहे. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलढाणा या जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा. तिथे खोल गेलात तर पाणी लागतं, पण खारं. बोअर मारून उपयोग नाही. तिथल्या गावांना गोडं पाणी म्हणजे डोंगरातून आलेली नदी, आणि नदी आटली की तिच्या वाळूतला झिरा. आबांचं "हातभर उकरा लागते" हे असं पिढ्यांच्या सवयीतून येतं. आता खामगाव शहराच्या नळाला येणारं पाणी गेरू माटरगावच्या ज्ञानगंगा धरणातून येतं. म्हणजे जंगलातल्या अस्वलाचं, घाटातल्या गुराख्याच्या म्हशीचं आणि खामगावच्या वॉशिंग मशीनचं पाणी एकाच खात्यातून निघतं. अस्वलाचा विषय हसण्यावारी नेऊ नका. बुलढाण्याच्या डोंगरात अस्वलं बरीच आहेत आणि पाण्यासाठी ती शेतातल्या विहिरीपर्यंत आली की पुढे काय होतं ते स्थानिक पेपर उघडला की कळतं.

टांझानियातल्या ग्रेट रुआहा नदीचं उदाहरण इथे देण्यासारखं आहे. रुआहा राष्ट्रीय उद्यानातली ही मोठी नदी पूर्वी बारमाही होती. १९९३ मध्ये ती पहिल्यांदा कोरड्या हंगामात उद्यानात वाहायची थांबली आणि त्यानंतर दरवर्षी काही आठवडे ते काही महिने थांबत राहिली. पाणघोडे उरल्यासुरल्या डोहांत चेंगराचेंगरी करून बसू लागले. दोष कोणाचा? सरकारने बोट दाखवलं वरच्या उसांगू मैदानात गुरं चारणाऱ्यांकडे. २००६-०७ मध्ये त्यांना गुरांसकट हुसकावलं आणि २००८ मध्ये तो भाग उद्यानाला जोडला. पण अभ्यास करणारे सांगत होते की पाणी मुख्यतः भातशेतीचे पाट उचलतात. गुराखी हलवायला सोपा, पाट हलवायला अवघड. त्यामुळे कारवाई कोणावर झाली हे वेगळं सांगायला नको.

ज्ञानगंगेतही जंगलाच्या पोटातली गावं, चराई, पुनर्वसन हे विषय आहेतच, आणि मी दोन दिवस जाऊन आलेला पुण्यातला माणूस त्यावर निकाल देणार नाही. एवढंच दिसतं की उन्हाळ्यात वनखातं पाणवठ्यांत टँकरने पाणी ओततं, आणि फोटोत ते चांगलं दिसतं. पण आफ्रिकेतल्या क्रूगर उद्यानात हा प्रयोग फार मोठ्या प्रमाणावर झालेला आहे. तीनशेहून जास्त बोअर मारून जंगलभर बारमाही पाणी केलं. त्यामुळे उत्तरेच्या कोरड्या भागात झेब्रे आले, झेब्र्यांमागे सिंह आले, आणि त्या भागातले दुर्मीळ रोन हरण १९८६ ते १९९३ या काळात शेकड्यांवरून काही डझनांवर आले. मग त्यांनीच त्यातले बरेच पाणवठे बंद केले. कोरडी जागा कोरडी राहण्यावरही काहींचं पोट असतं. इथल्या लहान जंगलात, चारी बाजूंनी शेती असताना, टँकर पूर्ण बंद करा असं म्हणणं मला पटत नाही. पण टँकर म्हणजे नदी नव्हे, हेही खरंच.

आता ताजी बातमी. ऑगस्ट २०२४ मध्ये वैनगंगा-नळगंगा नदीजोड प्रकल्पाला मंजुरी मिळाली. गोसीखुर्दहून सुमारे ४२६ किलोमीटर कालव्याने पाणी आणून शेवट बुलढाण्यातल्या नळगंगा धरणात, खर्च ऐंशी हजार कोटींच्या वर. म्हणजे गोदावरीचं पाणी तापीच्या खोऱ्यात. विदर्भाच्या पूर्व टोकाकडून पश्चिम टोकाकडे, वॉकरच्याच दिशेने, फक्त काँक्रीटमधून. घाटाखालच्या शेतकऱ्याला, त्यातही खारपाणपट्ट्यातल्या, या पाण्याची किती गरज आहे हे मी पुण्यात चोवीस तास पाणी वापरत नाकारणं बरं दिसणार नाही. फक्त कालव्याचं पाणी उताराने जातं. ते धरणातून खाली शेतांकडे जाईल, वर बोथ्याच्या जंगलात चढणार नाही. वरच्या नाल्यांमध्ये जे झिरपायचं ते वर पडलेल्या पावसाचंच. त्यासाठी वरच्या उतारावर गवत टिकवणं, नाल्यांत दगडांचे छोटे बांध घालणं, नाल्याकाठचं झाडोरं न तोडणं, अशीच कामं आहेत. त्यांच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय येत नाही.

जायचं असेल तर ऑक्टोबरच्या शेवटी जा. तेव्हा नदीची धार चालू असते आणि पलढगचा तलाव भरलेला असतो. आणि जमलं तर पुन्हा मे महिन्यात, त्याच ठिकाणी.